शांततेचे चित्र आणि चित्रकाराचा हक्क



शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर हल्ली एका निराळ्या प्रकारची जाहिरात दिसू लागली आहे. विद्यार्थ्यांनी ‘शांतता’ या विषयावर एक-दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट, म्हणजे हलत्या चित्रांचा छोटा चित्रपट, तयार करून पाठवावा. ज्याची कृती उत्कृष्ट ठरेल त्यास पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळेल, असा तिचा आशय असतो. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी असा कागद हाती घेऊन आपणांसमोर उभी राहिली, तर आपण तिला काय सांगाल?

माझ्या पाहण्यात या प्रश्नाची दोन उत्तरे येतात. पहिले उत्तर असे की, चित्रे काढून कोणाचे पोट भरले आहे काय? हा पोरखेळ सोडून अभ्यासाला बस. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट असते. शिष्यवृत्ती हा शब्द कानी पडताच बाप हरखून जातो आणि मुलीने पुढे केलेल्या कागदावर, त्यातील एक ओळही न वाचता, सही करून मोकळा होतो. माझ्या नम्र मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मुलीने स्पर्धेत जरूर भाग घ्यावा. मात्र तत्पूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्याबरोबर बसून दोन गोष्टींचा विचार करावा. तिच्या चित्रपटात जी शांतता दाखविली जाणार आहे ती कोणामध्ये व कोणत्या अटींवर, हा पहिला विचार. आणि सदर कागदावर सही करून आपण काय देऊन टाकीत आहोत, हा दुसरा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही असे वाटेल. तो संबंध किती निकटचा आहे हे दाखविणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम ‘पोरखेळ’ या आक्षेपाचा निकाल लावू. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. चित्रे हलविणारे कलावंत बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे लागतात. या हिशेबाने एका मिनिटाच्या चित्रपटास 720 चित्रे झाली. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा किंचित निराळे असावे लागते, आणि तो किंचितपणा मोजूनमापून साधावा लागतो. चेंडू वर जाताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो. हे ज्याने नीट न्याहाळले नाही त्याचा चेंडू पडद्यावर दगडासारखा दिसतो. म्हणजे या कामात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि सर्वांत अधिक म्हणजे चिकाटी आहे. एवढे काम जी मुलगी तडीस नेते तिने अभ्यासच केला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

यास भांडवलही मोठे लागते असे नाही. दादासाहेब फाळके यांनी 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला. त्यात नाचविल्या त्या साध्या आगपेटीतल्या काड्याच. आज कात्रीने कापलेले कागद, ओल्या मातीच्या बाहुल्या आणि घरातील साधा मोबाइल एवढ्यावरही असे काम होऊ शकते. तेव्हा हे श्रीमंतांच्या मुलांचे काम आहे, असे म्हणून मागे सरण्याचे कारण नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे वळू. शांततेचे चित्र काढावयास सांगितले की मुले काय काढतात? पांढरे कबुतर, हातात हात घेतलेली पाच-सहा मुले, मध्यभागी पृथ्वीचा गोल. यात वाईट काही नाही. परंतु यात कोणाविषयी काही सांगितलेलेही नाही. शांतता कोठे भंग पावली होती, ती कोणी भंग केली, आणि ती परत आणण्यासाठी कोणाला काय सोडावे लागले, यांपैकी एकाही प्रश्नाला कबुतर उत्तर देत नाही.

ज्यांनी या प्रश्नांना हात घातला त्यांच्या कृती जगाने लक्षात ठेवल्या. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील नॉर्मन मॅक्लारेन यांनी 1952 साली ‘नेबर्स’, म्हणजे ‘शेजारी’, नावाचा सुमारे आठ मिनिटांचा चित्रपट केला. यात रेखाटलेली चित्रे नसून खरी माणसेच एकेक चौकट करून टिपलेली आहेत, त्यामुळे ती बाहुल्यांसारखी हालतात. दोन शेजारी खुर्च्या टाकून आपापल्या घरासमोर सुखाने बसलेले असतात. दोघांच्या हद्दीवर एक फूल उगवते. ते कोणाचे, यावरून वाद निघतो, कुंपण येते, मारामारी होते, घरेदारे मोडतात, आणि शेवटी दोघेही मरून पडतात. फूल तर केव्हाच पायदळी तुडविले गेलेले असते. या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. आमच्या न्यायालयांत बांधाचे जे दावे चालतात ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट कॅनडातील आहे असे वाटणारच नाही. हातभर बांधासाठी दोन पिढ्या तारखांना येतात आणि अखेर वकिलाच्या फीत दोघांचीही जमीन जाते, हे सांगताना वकील म्हणून मलाच संकोच वाटतो.

परंतु वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मॅक्लारेन यांचे दोन्ही शेजारी समान आहेत. दोघांना सारखे घर, सारखी खुर्ची, सारखे बळ. म्हणूनच ‘दोघेही मूर्ख, दोघांनीही भांडण सोडावे’ हा निवाडा तेथे न्याय्य ठरतो. जेथे एकाच्या हाती सुरी आणि दुसऱ्याची मान ठोकळ्यावर अशी स्थिती असेल, तेथे हाच निवाडा दिला तर काय होईल? सुरीवाल्यास आणि मानवाल्यास एकाच सुरात ‘शांत राहा’ असे सांगणे म्हणजे सुरीवाल्याच्या बाजूने निकाल देणे होय.

या दुसऱ्या स्थितीवरचा एक चित्रपट आपल्याच देशात, आपल्या मुंबईत तयार झाला आहे. 1956 साली तेव्हाच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभागातील तरुणांना शिकविण्यासाठी क्लेअर वीक्स नावाचे, डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले अमेरिकन कलावंत आले. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू म्हणून ज्यांना मान मिळाला ते राम मोहन होते. या गुरुशिष्यांच्या मेळ्यातून 1957 साली ‘द बनियन डीअर’ हा चित्रपट बाहेर पडला. त्याचे कथानक न्यग्रोधमृग जातकाचे आहे.

हे जातक आपल्यापैकी पुष्कळांना अजून परिचयाचे नसेल. ते इतिहास म्हणून घ्यावयाचे नाही; दृष्टान्त म्हणून घ्यावे. वाराणसीच्या राजाला शिकारीचा नाद. त्याच्या उद्यानात हरणांचे दोन कळप कोंडलेले. एकाचा नायक न्यग्रोध, दुसऱ्याचा शाख. रोजच्या शिकारीत एकाच्या पायी अनेक हरणे जायबंदी होत, म्हणून असे ठरले की दोन्ही कळपांनी आळीपाळीने दररोज एक हरीण आपण होऊन वधाच्या ठोकळ्याशी पाठवावे. यामुळे उद्यानात एक प्रकारची शांतता नांदू लागली. धावपळ थांबली, आरडाओरडा थांबला, राजाचे ताट मात्र रोज भरत राहिले. पुढे एके दिवशी शाखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी आली. पाडस जन्मास येईपर्यंत मला वगळा, एका मरणात दोन जीव घेऊ नका, अशी तिने विनवणी केली. शाखाने नियमावर बोट ठेवले. न्यग्रोधाने मात्र तिच्या जागी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवली. राजा चकित झाला आणि त्याने न्यग्रोधास व हरिणीस अभय दिले.

सामान्य कथा येथेच संपली असती. या कथेचे खरे महत्त्व यापुढे आहे. न्यग्रोध उठून घरी जात नाही. तो राजाला विचारतो की, आम्हां दोघांना अभय मिळाले, उद्यानातील बाकीच्यांचे काय? ते मिळाल्यावर विचारतो, उद्यानाबाहेरच्या हरणांचे काय? मग इतर चतुष्पादांचे, पक्ष्यांचे, पाण्यातील माशांचे? एकेक करून तो सर्वांसाठी अभय मागून घेतो. नंतर हरणे शेतांत शिरून पिके खाऊ लागतात. तेव्हा हाच न्यग्रोध आपल्या कळपाला बजावतो की, यापुढे कोणाच्या पिकाला तोंड लावू नका. आणि शेतकऱ्यांना निरोप देतो की, कुंपण घालू नका, शेताच्या कडेला खूण म्हणून पाने बांधा. त्या खुणेपुढे हरीण पाऊल टाकीत नाही.

वकिलाच्या दृष्टीने ही कथा वाचली तर तीत दोन प्रकारच्या शांतता स्पष्ट दिसतात. पहिली, ठोकळ्याची शांतता. तीत नियम आहे, शिस्त आहे, पाळीही आहे. नाही तो फक्त न्याय. दुसरी, पानांच्या खुणेची शांतता. तीत दोन्ही पक्षांना काहीतरी मिळाले आहे आणि दोन्ही पक्षांनी काहीतरी सोडले आहे. राजाने शिकार सोडली, हरणांनी पीक सोडले. पहिलीला मुकाटपणा म्हणावे. करार या नावास पात्र आहे ती दुसरीच. आपल्या मुलांनी शांततेवर चित्रपट करावयाचा तर त्यांनी या दोहोंतील भेद पडद्यावर दाखवावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

हा भेद दाखविला की स्पर्धा भरविणाऱ्यांस तो रुचतोच असे नाही. माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. संस्थेचे, मुलीचे व गावाचे नाव लिहीत नाही. अकरावीतील एका मुलीने कागदी कात्रणांचा दीड मिनिटाचा चित्रपट करून एका स्पर्धेत पाठविला होता. विषय अर्थातच शांतता. एका वस्तीत एक नळ आहे आणि नळाला कुलूप आहे. किल्ली ज्या घरात आहे त्या घरातील मुलगी आणि दुसऱ्या आळीतील मुलगी शाळेत एका बाकावर बसतात. दोघींची मैत्री होते. शेवटच्या दृश्यात किल्लीवाल्या घरातील मुलगी कुलूप काढून विहिरीत टाकते आणि दोन्ही आळ्यांच्या घागरी एका रांगेत लागतात.

चित्रपट निवडला गेला. समारंभात तो दाखविला तेव्हा मुलीचे सारे कुटुंब पुढच्या रांगेत होते. पडद्यावर दोन मैत्रिणी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि चित्रपट संपला. कुलूप नाही, विहीर नाही, घागरी नाहीत. मुलीचे नावही नाही. नाव होते ते संस्थेचे. चौकशी करता उत्तर मिळाले की, शेवटचे दृश्य विषयाला धरून नव्हते, त्याने कटुता आली असती. मुलीचे वडील प्रवेशपत्राची प्रत घेऊन माझ्याकडे आले. त्यात लिहिले होते की, कृतीवरील सर्व हक्क संस्थेचे राहतील व आवश्यक वाटेल तो फेरफार करण्याची संस्थेस मुभा राहील. खाली त्यांचीच सही.

मी संस्थेस पत्र लिहिले. पुढील प्रदर्शनात मुलीचे नाव आले. शेवटचे दृश्य मात्र आले नाही. त्यासाठी न्यायालयात जाता आले असते, परंतु मुलीची परीक्षा तोंडावर होती आणि वडिलांनी दावा नको म्हटले. मला ते पटले नाही, पण त्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती मुलगी जाताना एवढेच म्हणाली, “काका, कुलूप काढलं नाही तर त्या दोघी हसतील कशाला?” या प्रश्नाचे उत्तर त्या संस्थेने द्यावयास हवे होते.

म्हणून आता दुसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे सहीचा, विचार करू. शिष्यवृत्ती म्हणजे कोणी कृपा करून टाकलेला तुकडा नव्हे, तो दोन पक्षांमधील व्यवहार आहे. परमपूज्य बाबासाहेबांना 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी जी शिष्यवृत्ती दिली, तिच्यासोबत शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा होता. बाबासाहेबांनी त्यावर सही केली आणि 1917 साली ते बडोद्यास रुजूही झाले. तेथे त्यांना राहावयास जागा मिळू नये आणि कचेरीत अपमान सोसावा लागावा, हे त्या नगराचे दुर्दैव. शिष्यवृत्तीला अटी असतात आणि अटी दोन्ही बाजूंना बांधतात, हे त्या पहिल्या मोठ्या शिष्यवृत्तीपासून आपल्या समाजास ठाऊक असावयास पाहिजे. अटी वाचून मान्य करण्यात कमीपणा नाही. कमीपणा असेल तर तो न वाचता सही करण्यात आहे.

यासंबंधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट अधिनियमान्वये, ज्याने स्वतः होऊन कृती निर्माण केली तोच सामान्यतः तिचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र नुसत्या कल्पनेला हे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून कल्पना कोणाला तोंडी सांगत बसू नये. ती कागदावर लिहावी, चित्रे काढावी, त्यांवर तारीख घालावी आणि मूळ प्रत घरी ठेवावी.

दुसरी गोष्ट. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीच देता येतो. त्या लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते, हे नमूद असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच गेला असे समजले जाते. ‘सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जगात’ अशी शब्दरचना कागदावर का आढळते, याचा उलगडा यावरून व्हावा.

तिसरी गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने रद्दबातल ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरी बीबीच्या खटल्यात दिलेला हा निर्णय आजही प्रमाण आहे. स्पर्धेच्या कागदावर पालकांची सही मागतात ती यामुळेच. तेव्हा ती सही उपचार म्हणून करू नका. आपल्या लेकराच्या 720 चित्रांवर आपण ती करीत असतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. अधिनियमाच्या कलम 57 प्रमाणे, हक्क विकले तरीही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. आणि त्याच्या मानास वा लौकिकास बाध येईल असा तिचा विपर्यास केल्यास त्यास दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प सरकारने काढून टाकून त्याची नासधूस होऊ दिली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली खुद्द सरकारला शिल्पाचे अवशेष परत करण्यास आणि पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. सरकारला लागू पडणारा कायदा स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेला लागू पडत नाही, असे कसे म्हणावे?

आणि पाचवी गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याची. दुसऱ्याचा हक्क आपणही राखला पाहिजे. पार्श्वभूमीला गाजलेले चित्रपटगीत परवानगीवाचून वापरू नये. आजीच्या तोंडची ओवी तिला विचारून ध्वनिमुद्रित करावी. ती अधिक शोभेलही. पानांची खूण बांधलेल्या शेतात हरणाने शिरावयाचे नसते.

यावर कोणी म्हणेल की, इतक्या अटी काढीत बसले तर आपल्या मुलांना स्पर्धेत कोण घेईल? गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतातच. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेवर ज्याचे पुढले वर्ष अवलंबून आहे त्याला सर्वच अटी नाकारता येत नाहीत. परंतु विचारणे म्हणजे नाकारणे नव्हे. स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी चित्रपट दाखविण्याची परवानगी आम्ही देतो, मालकी मात्र आमच्याकडे राहू द्या. फेरफार करावयाचा झाल्यास आधी कळवा. आणि प्रत्येक वेळी मुलीचे नाव दाखवा, अशा तीन ओळींचे विनंतीपत्र अर्जासोबत जोडण्यास काही खर्च येत नाही. ज्यांचा हेतू शुद्ध आहे ते ते मान्य करतील. जे करणार नाहीत त्यांच्या शांततेची परीक्षा तेथेच झाली असे समजावे आणि मग निर्णय आपला आपण घ्यावा.

स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जपानमधील हिरोशिमा नगरात 1985 पासून 2020 पर्यंत प्रेम व शांतता यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव भरत असे. तो सुरू करण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या रेन्झो किनोशिता यांनी त्यापूर्वीच, 1978 साली, ‘पिका डॉन’ या चित्रपटात त्या नगरीतील एका साध्या सकाळचे व्यवहार आणि मग त्यावर पडलेला बॉम्ब दाखविला होता. बॉम्ब दाखविल्याने कटुता येईल, म्हणून त्यांनी तो गाळला नाही. ज्या नगरीने सर्वांत अधिक सोसले तिला जखम झाकून शांतता मागावी असे वाटले नाही, तर आपल्याकडील संस्थांना एका नळाच्या कुलपाची भीती का वाटावी? शांततेचा विषय देणाऱ्याने मुलांशी केलेला व्यवहारही शांततेच्या नियमाने, म्हणजे दोन्ही पक्षांचे भले पाहून, करावा. मुलाचे नाव, त्याचे शेवटचे दृश्य आणि त्याची मालकी त्याच्याकडेच ठेवणारी स्पर्धा ही खरी शांततेची स्पर्धा होय.

बंधुभगिनींनो, यापुढे आपल्या घरात असा कागद आला तर तो बाजूला सारू नका आणि डोळे मिटून त्यावर सहीही करू नका. दिवाबत्तीनंतर मुलीला जवळ बसवा. तिची गोष्ट आधी ऐका. तीत ठोकळा कोणता आणि पानांची खूण कोणती हे तिला विचारा. मग अटींचा कागद तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या आणि जी अट समजली नाही तीखाली रेघ ओढा. समजत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या माणसाकडे किंवा वकिलाकडे जा. एवढा कागद वाचून दाखविण्याचे पैसे कोणताही भला वकील घेणार नाही. त्यानंतर सही करा, आणि त्या मुलीला एकच सांगा की, बाई, शेवटचे दृश्य गाळू नकोस.